राहती घरे: शून्य

४ मार्च

दादा,

वाकून नमस्कार. कंबर धरलेली असताना वाकले आहे, याची नोंद व्हावी. तू नोंदींचा माणूस.

तुझे कान गेले आणि आपली पत्रं सुरू झाली, हे एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी बोलायचे आणि तू 'काय?' विचारायचास, त्यातच वेळ जायचा. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं. पोस्टातली बाई म्हणते, मामेभावाला एवढं काय लिहायचं असतं? मी म्हटलं, सख्खा असता तर लिहिलं नसतं.

इकडे सगळे ठीक. तुझ्या दाजींचा गुडघा आहे तसाच आहे आणि त्याबद्दलची तक्रारही आहे तशीच. लेक रोज वर तळ्यावर जाते, होड्यांची तिकिटं फाडते आणि संध्याकाळी पायऱ्या उतरून घरी येते. एवढ्या जवळची नोकरी मिळाली म्हणून ती सावरली. सासरहून परत आली तेव्हा वर्षभर नुसती भिंतीकडे तोंड करून बसायची, तुला कळवलं होतं. नात आता पाच वर्षांची झाली. परवा पाहुण्यांसमोर विचारते, आजी, खतघरात काय शिजतंय? पाहुण्यांनी घास हातातच धरला. तू नकाशात स्वयंपाकघराला खतघर लिहिलंस आणि निजायच्या खोलीला बियाणे-खोली, तीच नावं आमच्या तोंडी बसलीत. तेव्हा आमचं भाड्याचं घर रस्त्यात गेलं होतं. तू नगरपालिकेत इंजिनिअर नसतास तर आम्ही कुठे गेलो असतो, हे मला आजही सुचत नाही. बांधाच्या पायथ्याची जागा नर्सरीला मिळाली, शेड म्हणून घर उभं राहिलं, हे तुझे उपकार. मी ते दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवते, दाजी कंटाळतात.

नर्सरी यंदा जोरात आहे. घरामागच्या कोपऱ्यात तर उन्हाळा लागला तरी पाणी घालावं लागत नाही, जमीन आपसूक ओली. तिथली कर्दळ माझ्या डोक्यापर्यंत गेली आहे.

नगरपालिकेत नवीन इंजिनिअर बाई आल्यात. तरुण आहेत. तळ्याच्या बांधाची वर्गवारी पुन्हा तपासणार आहेत म्हणे. मी लेकीला म्हटलं, तपासायचं काय त्यात? पायरीवर दादाच्या काळातली पाटी आहे, 'वर्ग क, अल्प धोका'. येताजाता वाचते मी ती. वर एवढं पाणी आणि खाली आम्ही, पण पाटी वाचली की जीव भांड्यात पडतो.

आता एक बोलू का? अकरा वर्षांत तू या घरात एकदाही आला नाहीस. गावात होतास तेव्हाही नाही. दरवर्षी फॉर्म भरायला तू वर बांधावर यायचास. मी खालून हात करायचे. तू तळ्याकडे तोंड करून लिहीत असायचास. पाठ ओळखते मी तुझी. वहिनी गेल्या तेव्हा मी तुला काही लागेलसं बोलले होते का? मनात असेल तर लिही. मी माफी मागेन, कंबर धरलेली असली तरी.

तुझी बारकी


१५ मार्च

बारके,

पत्र मिळालं. माफी मागण्यासारखं तू काही बोलली नाहीस. ते डोक्यातून काढून टाक.

मी बरा आहे. थोरलीच्या घरात चौथ्या मजल्यावर माझी एक खोली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. ती रोज सकाळी भरून वाहते आणि कुणी लक्ष देत नाही. मी जावयाला चारदा सांगितलं. तो म्हणतो, बाबा, तुम्ही रिटायर झालात. कानातलं यंत्र बदललं. आता भांड्यांचा आवाज फार येतो आणि माणसांचा अजिबात येत नाही.

तुझ्याकडे न येण्याचं कारण गुडघे आणि पायऱ्या, दुसरं काही नाही. तुझ्या दाजींना विचार, गुडघा काय असतो ते.

त्या ओल्या कोपऱ्याविषयी जरा सविस्तर लिही. उगीच, जुनी खोड म्हणून विचारतो. कधीपासून ओला आहे? बांधाच्या पायथ्यापासून किती पावलं? एक खड्डा कर, पाणी साचतं का बघ, आणि साचलं तर ते नितळ आहे की गढूळ तेही कळव. सध्या कुणाला सांगू नकोस, लोक उगाच बोभाटा करतात.

त्या इंजिनिअर बाई आल्या तर घाबरायचं कारण नाही. विचारतील त्याचं कागदावर जे आहे तेच उत्तर दे. कागदावर शेड आहे.

दाजींना नमस्कार. नातीला खतघराचं कौतुक कमी करायला सांग.

दादा


२ एप्रिल

दादा,

इंजिनिअर बाई येऊन गेल्या आणि मी तुझं नाव राखलं. ऐक.

लेकीने वरून निरोप पाठवला की बाई बांधावर आल्यात, आता खाली उतरतील. माझ्याकडे चहा उकळण्याएवढाच वेळ होता. आधी दोरीवरचे कपडे ओढले. दाजींना उठवून खाटा भिंतीला उभ्या केल्या आणि त्यांच्यापुढे कुंड्यांची चळत लावली. खतघराला कुलूप घातलं. आतून फोडणीचा वास येत होता, म्हणून दारात खरोखरीचं खत ओतलं. नातीला मागच्या वाटेने वर तिकिटाच्या खिडकीत पाठवलं. दाजींना हातात झारी देऊन माळ्यासारखं उभं केलं. ते तसेच पाच मिनिटं कोरड्या झारीने पाणी घालत होते.

बाई आल्या. गुडघ्याएवढे रबरी बूट, हातात फळीला चिमट्याने लावलेले कागद. इथे कुणी राहतं का, असं विचारलं. मी म्हटलं, छे, ही शेड आहे, आम्ही सकाळी येतो, संध्याकाळी जातो. कुठे जाता, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, देव जाणे. त्यांनी लिहून घेतलं. पाणी प्यायल्या, बरं बोलल्या.

निघताना त्यांचं लक्ष दाराशी गेलं. नातीच्या लाल चपला तिथेच राहिल्या होत्या, एक उलटी पडलेली. बाई वाकल्या, उलटी चप्पल सरळ केली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि गेल्या. त्यानंतर मला दिवसभर जेवण गेलं नाही. एवढा वेळ नाटक करताना काही वाटलं नव्हतं, त्या चपला सरळ केल्या तेव्हा मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. असो. कागदावर शेड आहे, कागदावर शेडच राहिली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. ओल मागच्या उन्हाळ्यापासून, पण यंदा वाढली. बांधाच्या पायथ्यापासून माझी बारा पावलं. हातभर खड्डा केला तो चहा होईपर्यंत काठोकाठ भरला. पाणी आधी नितळ असायचं. गेले आठ दिवस सकाळी पांढुरकं येतं आणि तळाशी बारीक माती बसते. कर्दळीला मानवतंय.

बारकी


९ एप्रिल

बारके,

हे पत्र पोचायच्या आधीच थोरलीने फोनवरून तुम्हाला बाहेर काढलेलं असेल. जे फोनवर तिच्या तोंडून सांगवलं नाही ते लिहितो.

तुझं पत्र काल दुपारी आलं. पांढुरकं पाणी आणि तळाशी माती, एवढं वाचलं आणि उठून उभा राहिलो. नितळ पाणी झिरपलं तर बांध घाम गाळतोय म्हणायचं. गढूळ आलं तर तो आतून वाहून चाललाय. मला फोन करता येईना. थोरलीला बोलावलं आणि म्हटलं, नगरपालिकेला फोन लाव आणि सांग, तळ्याच्या बांधाखाली माणसं राहतात. ती म्हणाली, त्यांना माहीत नाही का? म्हटलं, नाही. कसं माहीत नाही, तिने विचारलं. मग मला सांगावं लागलं. जावई तिथेच जेवत होता. त्याने ताटातून मान वर केली नाही. थोरली फोनवर त्या इंजिनिअर बाईंना सांगत होती, 'माझे वडील म्हणतात, ती शेड नाही, घर आहे, आणि ते घर आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.' मला तिचा आवाज ऐकू येत नव्हता. ओठ दिसत होते. या मुलीला मी लहानपणी रबर चोरलं म्हणून शाळेत परत द्यायला लावलं होतं.

आता पाटीविषयी. तुला वाटतं, क म्हणजे बांध मजबूत. सगळ्यांना तसंच वाटतं आणि मी कधी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. बांध कसा आहे याच्याशी त्या अक्षराचा काही संबंध नाही. तो फुटला तर खाली किती माणसं मरतील, त्यावर ते अक्षर ठरतं. क म्हणजे कुणी मरणार नाही, कारण खाली कुणी राहत नाही. म्हणून क ला पूर्ण तपासणी पाच वर्षांतून एकदा. भोंगा नाही, पाण्यावर नजर ठेवायला माणूस नाही, खालच्यांना कसं हलवायचं याचा कागद नाही.

दरवर्षी वर्गवारीचा फॉर्म असतो. बांधावर उभं राहायचं, खालची छपरं मोजायची आणि रकाना भरायचा. 'बांधाखालील राहती घरे.' मी आठ वर्षं तिथे शून्य लिहिलं. माझ्यानंतरच्या माणसाने तीन वर्षं 'मागीलप्रमाणे' लिहिलं. एक लिहिलं असतं तर विचारणा झाली असती, शेडचा नकाशा निघाला असता, खतघर आणि बियाणे-खोली निघाली असती, खाली माझी सही निघाली असती. आधी वाटलं होतं, एखाद्या वर्षात तुम्हाला दुसरी जागा बघून देऊ. पहिलं शून्य लिहिताना हात अडखळला. दुसऱ्या वर्षी अडखळला नाही, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटते.

तू पाटी वाचून निर्धास्त झोपत होतीस. ती पाटी तुम्ही नाही असं म्हणत होती.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. गुडघे आणि पायऱ्या हे खोटं. न पाहिलेलं घर मोजावं लागत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. उंबरा ओलांडून तुझ्या हातचा चहा प्यायलो असतो तर वर जाऊन शून्य लिहिता आलं नसतं. तू हात करायचीस हे मला माहीत होतं. म्हणूनच तळ्याकडे तोंड करायचो.

आणि मार्चमध्ये सगळं कळत असूनही तुला 'कागदावर आहे तेच सांग' असं लिहिलं. ते पत्र जपून ठेव. लागेल.

दादा


२५ एप्रिल

दादा,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून चुलीत घालणार होते, दाजींनी हातातून काढून घेतलं.

आम्ही सध्या लेकीच्या मैत्रिणीच्या दोन खोल्यांत आहोत. फोन आला त्या दुपारी इंजिनिअर बाई स्वतः खाली आल्या, नातीला कडेवर घेऊन पायऱ्या चढल्या. तळ्याचं पाणी त्याच दिवसापासून सोडायला लागले. आता वर नुसता चिखल आहे आणि त्यात होड्या वाकड्यातिकड्या पडल्यात. खिडकी बंद, लेकीचं काम बंद. गावातले लोक विचारतात, तळं का रिकामं केलं? मी मान खाली घालून भाजी घेते आणि येते.

बाईंपुढे मला तोंड वर करता येईना. शेवटी म्हटलं, मी तुमच्याशी धडधडीत खोटं बोलले. त्या म्हणाल्या, 'चपला मी पाहिल्या होत्या. तुम्ही शेड म्हणालात, मला तेच सोयीचं वाटलं. माझंही चुकलं.' एवढ्याशा पोरीने हे बोलून दाखवलं आणि तुला अकरा वर्षं लागली.

रागावले आहे मी तुझ्यावर. खूप. पण त्याहून वाईट हे की रागावताना निम्म्यावर थांबते. खतघर म्हणून हसले कोण? मीच. नकाशा करताना तुझ्या शेजारी बसून नावं सुचवली कोणी? बियाणे-खोली हे माझं. आपण दोघांनी मिळून स्वतःला कागदावरून पुसलं आणि त्याचा विनोद केला. फरक एवढाच की कशातून पुसलं हे तुला माहीत होतं. आणि मी अकरा वर्षं दाजींना सांगत होते, माझ्याच जिभेने दादाला तोडलं. वहिनींच्या वेळचा एकेक शब्द आठवून रडत होते. तू गुडघे म्हणालास.

आता कामाचं. फॉर्म पुन्हा भरायचाय आणि आधी भरणारा म्हणून त्यावर तुझा जबाब हवा. नगरपालिकेचे मोठे साहेब परवा घरी येऊन गेले, गोड बोलले. ते म्हणतात, झिरपतंय तिथे माती दाबून घेतो. घर सध्या रिकामंच आहे, तेव्हा राहती घरे शून्य हे आज खरंच आहे. दादांनी तेवढं लिहून द्यावं, मागचे कागदही आपोआप खरे ठरतील. तळं भरलं की होड्या सुरू, लेकीला खिडकी परत, आणि तुम्हीही शेडमध्ये परत या, आम्ही बघत नाही. उलट घर म्हणून एकदा नोंद झाली तर ते पाडावंच लागेल, बेकायदेशीर म्हणून.

दाजींना हे पटलंय. मी काय म्हणते ते मी तुला सांगणार नाही. पोस्टाने जबाब पाठवू नकोस. ये. किल्ली लेकीकडे आहे. एकदा उंबरा ओलांड आणि मग काय लिहायचं ते लिही. मी तिथे नसेन. रिकाम्या घरात तुझ्यासमोर उभं राहणं मला जमणार नाही.

बारकी


१४ मे

बारके,

जाऊन आलो. तू नव्हतीस ते बरंच झालं, आणि बरं झालंही नाही.

थोरली बरोबर आली होती. माझे कान म्हणून. गाडीत ती माझ्याशी फार बोलली नाही, पण पाण्याची बाटली उघडून हातात द्यायची. तुझी लेक किल्ली घेऊन आली आणि तिने वाकून नमस्कार केला. तो मला घेववेना. इंजिनिअर बाई आणि मोठे साहेब आधीच दाराशी होते.

कुलूप तुझ्या लेकीने काढलं. नात तिचा हात सोडून पुढे पळाली आणि मला घर दाखवू लागली. हे खतघर, ही बियाणे-खोली, इथे आजी झोपते, इथे मी, इथे आजोबा घोरतात. जबाब असा द्यायचा असतो. मी तिच्यामागे चाललो. माझाच नकाशा होता, प्रत्येक भिंतीचं माप पाठ होतं, आणि मी घरात हरवल्यासारखा फिरत होतो. फळीवर डब्यांचे गोल डाग. ओट्यामागची भिंत फोडणीने पिवळी झालेली.

ओट्याशी उभा राहिलो. तिथल्या खिडकीतून सगळा बांध दिसतो, आभाळ बघायला वाकावं लागतं. फॉर्म भरायला मी वर जिथे उभा राहायचो ती जागा खिडकीच्या बरोबर मधोमध येते. ती खिडकी मीच काढली होती, धूर बाहेर जावा म्हणून. तू स्वयंपाक करताना माझी पाठ बघत होतीस.

साहेबांनी फॉर्म पुढे केला. म्हणाले, दादा, घर रिकामं आहे, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, शून्य लिहा, सगळ्यांचं भलं होईल. थोरलीने माझ्याकडे तोंड करून शब्दन् शब्द सांगितला. तो युक्तिवाद माझ्याच तोडीचा होता. मी नोकरीत असतो तर मलाही सुचला असता. तुझी लेक दारात उभी होती. तिची खिडकी, तुमचं छप्पर, दाजींचा गुडघा, सगळं त्या एका रकान्यात होतं. मला तुझं मत हवं होतं आणि तू मुद्दाम दिलं नव्हतंस. रागावलो तुझ्यावर. मग लक्षात आलं, अकरा वर्षांपूर्वी मी तुझं मत तरी कुठे विचारलं होतं?

थोरलीला म्हटलं, सांग त्यांना, मोठ्याने सांग. चार दिवस जीव वाचवायला बाहेर गेलेलं कुटुंब हे राहतं कुटुंबच. मग लिहिलं. राहती घरे, एक. माणसे, चार. त्यात एक मूल. खाली शेऱ्यात लिहिलं की हे घर अकरा वर्षांपासून आहे, त्याला शेड मी केलं आणि आठ फॉर्मांवरचं शून्य माझं आहे. 'कागदावर आहे तेच सांग' हेही मीच लिहिलं होतं, ते पत्र बारकीकडे आहे, असंही लिहिलं. म्हणजे तुझ्या खोट्याचा बोजा तुझ्यावर येणार नाही. साहेब निघून गेले.

सही केली. तारखेशी थांबलो. बाईंना विचारलं, अकरा वर्षांपूर्वीची घालता येईल का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, नाही, आजचीच घालावी लागेल.

आजचीच घातली.

तुझं घर मी घेतलं, बारके. तळहातावर ठेवून दिलं होतं आणि आता परत घेतलं. चौकशी होईल, पेन्शनचं काय व्हायचं ते होईल, त्याचं मला काही नाही. नर्सरीची जागा तुमचीच राहील, दिवसा काम करता येईल, असं बाई म्हणाल्या. तेवढंच हाती लागलं. तुझ्याकडे माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

दादा


३ जुलै

दादा,

घर गेल्या आठवड्यात उतरवलं. पत्रे आधी, मग भिंती. दाजी बघायला गेले नाहीत. मी गेले. ओट्याची फरशी तेवढी मागून घेतली, ती आता नर्सरीत कुंड्या ठेवायला आहे. लेक औषधांच्या दुकानात लागली आहे, दोन तास उभं राहून पाय दुखतात म्हणते. दोन खोल्यांत आम्ही चौघं एकमेकांच्या पायांत येतो. हे सगळं मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

बांध पायथ्यापासून उकरला. आत माझा पूर्ण हात जाईल एवढी पोकळी निघाली. बाईंनी मला बोलावून दाखवली. मी हात घालून बघितला. गार होतं आत.

तुला मी मत सांगितलं नव्हतं, कारण माझं मत शून्य होतं. मी दाजींच्याच बाजूची होते. घर हवं होतं मला. तिथे उभी असते तर तुझा हात धरून शून्य लिहून घेतलं असतं, म्हणून आले नाही. हे तुला कळायला हवं. म्हणजे लाज काय ती सगळी एकट्याने घेऊन बसणार नाहीस.

काल नवी पाटी लावली. 'वर्ग अ'. खाली नर्सरीत लोक येतातजातात आणि तुझी नोंद आहे, म्हणून बाईंनी अ च ठेवला. भोंगाही बसला. नात आता अक्षरं जुळवून वाचते. पाटी वाचून तिने विचारलं, अ म्हणजे काय? मी सांगितलं, खाली माणसं आहेत हे वरच्यांना माहीत आहे, असा त्याचा अर्थ.

ती म्हणाली, मग आधी माहीत नव्हतं?

मी म्हटलं, माहीत होतं. लिहिलेलं नव्हतं.

बारकी